मानसिक आजार अचानक बळावला तर सोलापुरात काय करायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न नातेवाइकांचे आहेत आणि ते घाईत, घाबरून विचारलेले असतात. म्हणून उत्तरांत काय करायचं ते आधी सांगितलं आहे, कारण नंतर. या क्षणी कुणाच्या जिवाला धोका असेल तर पुढचं वाचत बसू नका. बेशुद्ध, विष घेतलेला किंवा जखमी माणूस असेल तर १०८ ला फोन करा. हातात कोयता, काठी, काडेपेटी असेल तर ११२ ला करा.

तातडीची मानसिक तपासणी म्हणजे भरतीच ना?

नाही. तपासणी म्हणजे डॉक्टर माणसाला बघतात, त्याच्याशी आणि तुमच्याशी बोलतात, शरीराच्या दोन-चार चाचण्या करतात आणि आज रात्री हा माणूस घरी सुरक्षित राहील का, याचं उत्तर शोधतात. कित्येकदा इंजेक्शन किंवा गोळी देऊन, दोन दिवसांनी ओपीडीत बोलावून घरी सोडतात. ‘एकदा नेलं की अडकवून ठेवतील’ या भीतीने लोक आठवडा आठवडा थांबतात आणि मग खरोखरच भरतीशिवाय इलाज उरत नाही. लवकर आणलेला पेशंट घरी परत जाण्याची शक्यता जास्त, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि लोकांना ते पुन्हा पुन्हा खोटं वाटतं.

‘तातडीचं’ कशाला म्हणायचं? आमच्या घरात आरडाओरडा रोजचाच आहे.

रोजच्यापेक्षा वेगळं काय घडतंय ते बघा. मरणाची भाषा करतोय, निरवानिरव करतोय, वस्तू वाटून टाकतोय. कानात आवाज येतात आणि ते आवाज काहीतरी करायला सांगतात. शेजारी विष घालतात म्हणून दोन-तीन दिवस पाण्याचा घोट घेतलेला नाही. चार-पाच रात्री झोप नाही, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळणं चालू आहे. किंवा याच्या अगदी उलट: एका जागी पुतळ्यासारखा बसलाय, बोलत नाही, गिळत नाही, हात वर केला तर तसाच राहतो. हा शेवटचा प्रकार शांत असतो म्हणून घरचे निवांत राहतात, पण खाणंपिणं बंद असल्यामुळे तो धोक्याचा आहे. योग्य औषधाने पुष्कळदा तो लवकर सुटतो.

नुसतं भांडण, रुसवा, परीक्षेचं टेन्शन यांसाठी रात्री दोनला धावायची गरज नाही. सकाळची ओपीडी पुरते. मरणाची भाषा मात्र ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नवा विचार भरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

नेमकं कुठे जायचं?

शहरात आणि आसपास असाल तर सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्यामुळे मानसोपचाराबरोबर मेडिसिन, सर्जरी, रक्ततपासणी असं सगळं एका आवारात मिळतं. रात्री ओपीडीच्या दारात उभं राहू नका, सरळ अपघात विभागात जा. केसपेपर तिथेच निघतो. तिथले डॉक्टर आधी बघतात आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावतात.

ओळखीचे मानसोपचारतज्ज्ञ असतील तर त्यांना आधी फोन करा, त्यांना पेशंट माहीत असतो. पण विष, बेशुद्धी, झटके, ताप, डोक्याला मार यांपैकी काही असेल तर छोट्या खासगी मानसोपचार दवाखान्यापेक्षा जिथे आयसीयू आहे तिथे जा.

आम्ही करमाळ्याकडच्या वाडीवर राहतो. सोलापूर गाठेपर्यंत काय?

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी थांबा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९४ नुसार आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, जीव वाचवण्यासाठी किंवा मोठी इजा टाळण्यासाठी लागणारा उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलायचा हक्क असलेला माणूस (तो कोण, ते पुढे सांगितलं आहे), हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. असा उपचार जास्तीत जास्त ७२ तास, किंवा मानसोपचाराच्या ठिकाणी तपासणी होईपर्यंत देता येतो. तिथवर पोचवणं हाही त्या उपचाराचाच भाग. त्यामुळे ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, घेऊन जा’ एवढ्यावर कुणी दारातून परत पाठवू लागलं तर शांतपणे सांगा की शुगर, बीपी, ताप तपासा, शांत होण्याचं औषध द्या आणि मग चिठ्ठी देऊन पाठवा. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर गाडीची आणि चिठ्ठीची सोय करायला मदत करतात. त्यांचे नंबर आजच लिहून ठेवा.

अपघात विभागात मानसिक पेशंटची रक्त-लघवी कशाला तपासतात? वेळ का घालवतात?

कारण मेंदूला शरीराचा आजार झाला तरी माणूस ‘वेड्यासारखा’ वागतो. शुगर उतरली की माणूस भांडतो, भलतंसलतं बोलतो. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं, रक्तातलं सोडियम उतरलं की दोन दिवसांत तो घरच्यांना ओळखेनासा होतो. मोटारसायकलवरून पडून आठवडा झालेला असतो, कुणाच्या लक्षात नसतं आणि डोक्यात रक्त साकळलेलं असतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तरी भास होतात. म्हणून डॉक्टर आधी शरीर बघतात. चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच, एकाएकी आणि दिवसातून कमी-जास्त होणारा भ्रम दिसला तर शरीराचं कारण शोधल्याशिवाय त्याला मानसिक आजार म्हणून मोकळं होऊ नये.

त्यानंतर बोलणं होतं. आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात, झोप, भूक, आवाज, भीती, मरणाचे विचार. हे प्रश्न बालिश वाटतात, पण त्यांच्यामागे क्रम असतो. पेशंटशी एकट्याने बोलायला डॉक्टर तुम्हाला बाहेर जायला सांगतील. रागावू नका. सासू समोर उभी असताना सून काय सांगणार?

तुमच्याकडून त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: हे कधी सुरू झालं, आधी असं झालं होतं का, आणि पोटात काय काय गेलंय. जुनी चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पाकिटं सगळी घेऊन जा. दारू, ताडी, गांजा, गुटखा, झोपेच्या गोळ्या, काहीही लपवू नका. इज्जतीसाठी ‘तसलं काही घेत नाही’ असं ठासून सांगणारे वडील मी पाहिलेत, आणि त्याच मुलाला तिसऱ्या दिवशी वॉर्डात झटके आलेलेही पाहिलेत.

दारू सोडून तीन दिवस झाले आणि आता अंगावर किडे दिसतात म्हणतो. सोडली ते वाईट झालं का?

सोडली हे चांगलंच, पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास हातपाय थरथरणं, घाम, झोप उडणं, भास, झटके असा त्रास होऊ शकतो. यात जीवही जाऊ शकतो. ही शंभर टक्के रुग्णालयाची केस आहे. ‘थोडी पाजा, बरं वाटेल’ हा सल्ला देणारा शेजारी प्रत्येक गल्लीत असतो, त्याचं ऐकू नका. रुग्णालयात शिरेतून बी-१ जीवनसत्त्व आणि झटके थांबवणारी औषधं देतात. हातभट्टी किंवा रसायन घातलेली ताडी पिणारा असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण तीत नेमकं काय मिसळलंय यावर उपचार बदलतो.

एप्रिल-मे महिन्यात आजार वाढतो असं आम्हाला दिसतं. भास आहे का?

पूर्ण भास नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि काही मानसिक आजारांची औषधं घाम येण्याची व्यवस्था बिघडवतात, त्यामुळे अशा पेशंटला उष्माघात लवकर होतो. पत्र्याच्या शेडमध्ये, मागाच्या खड्ड्याशी काम करणाऱ्याला तर आणखी लवकर. दुसरी गोष्ट लिथियमची, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांवर देतात त्या गोळीची. ही गोळी चालू असताना अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की तिचं रक्तातलं प्रमाण चढतं. जुलाब, उलट्या, हात जोरात कापणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं ही त्याची लक्षणं आहेत. घरच्यांना वाटतं पुन्हा आजारच उलटला आणि ते गोळी वेळेवर देत राहतात. अशा वेळी पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि रक्तातलं लिथियम त्याच दिवशी तपासून घ्या. अंग भाजतंय आणि बोलणं असंबद्ध आहे, तर सावलीत घ्या, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा आणि १०८ बोलवा.

इंजेक्शन दिल्यावर मान वाकडी झाली, डोळे वर चढले. हे ‘बाहेरचं’ आहे का?

नाही, तो काही औषधांचा दुष्परिणाम आहे. तरुण मुलांत जास्त दिसतो. भयंकर दिसतो, पण दुसऱ्या इंजेक्शनने साधारण अर्ध्या तासात उतरतो. पुन्हा रुग्णालयात जा आणि औषधाचं नाव लिहून घ्या, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

तो यायलाच तयार नाही. ‘मला काय झालंय?’ म्हणतो.

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. आजारी नसल्याची खात्री हा कित्येकदा आजाराचाच भाग असतो. ‘तुझं डोकं फिरलंय’ म्हणून वाद जिंकता येत नाही. त्याला जे पटतं तिथून सुरुवात करा. झोप लागत नाही, अंग दुखतं, डोकं जड आहे, हे त्याला स्वतःला मान्य असतं. ‘चल, झोपेचं औषध घेऊन येऊ’ हे खरंही असतं आणि चालतंही. ज्याचं तो ऐकतो त्यालाच बोलू द्या. मामा असेल, कारखान्यातला मित्र असेल, कीर्तनातले बुवा असतील. दहा जणांनी घेरून बोलू नका.

‘लग्नाला जायचंय’, ‘तुळजापूरला जाऊ’ असं खोटं सांगून रुग्णालयात नेऊ नका. एकदा चालतं. दुसऱ्या वेळी तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही, गोळी तर लांबची गोष्ट.

धोका उघड दिसत असेल तर १०८ आणि ११२ दोन्हीकडे फोन करा. ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी पेशंटशी झटापट करावी अशी अपेक्षा ठेवू नका, ते त्यांचं काम नाही. फोनवर ‘मानसिक आजारी माणूस आहे, गुन्हेगार नाही’ हे पहिलं वाक्य असू द्या. घरातला विळा, कीटकनाशकाचे डबे, रॉकेल, गोळ्यांचा साठा आधी हलवा. दोरीने बांधू नका, साखळी घालू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ मध्ये साखळीने बांधण्यावर सरळ मनाई आहे (पुढे जिथे नुसतं ‘कलम’ म्हटलंय, ते याच कायद्याचं).

पोलीस आले तर कोठडीत टाकतील का?

टाकता येत नाही. कलम १०० प्रमाणे पोलीस अशा माणसाला आपल्या संरक्षणात घेऊ शकतात. पण त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला कारण सांगून, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावंच लागतं. लॉकअप किंवा तुरुंग नाही. हे कलम फक्त घरातल्यांसाठी नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात, गड्डा यात्रेच्या गर्दीत, सोलापूर स्टेशनच्या फलाटावर भरकटलेली, अंगावर धड कपडे नसलेली माणसं दिसतात, कधी आपल्याच गावाची, कधी दुसऱ्या राज्यातली. त्यांना भाकरी देऊन पुढे जाणं हे पुण्य असेल, पण पोलिसांना कळवणं जास्त उपयोगाचं. घर सापडत नसेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून नातेवाईक शोधणं ही पोलिसांची जबाबदारी आहे.

घरातच कुणाला कोंडलंय, मारहाण होतेय असं कळलं तरी पोलीस स्टेशनला सांगता येतं. पोलीस मॅजिस्ट्रेटना कळवतात आणि मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात.

पेशंटची इच्छा नसताना भरती करता येते का?

येते, पण नातेवाइकांनी सही केली आणि झालं असं नाही. कलम ८९ प्रमाणे एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं लागतं. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, यांपैकी एक कारण लागतं, आणि त्याहून कमी बंधनाचा दुसरा मार्ग उरलेला नसावा लागतो. अशी भरती ३० दिवसांपर्यंत चालते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, आणि बाईमाणूस किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत कळवावं लागतं. पेशंट मंडळाकडे दाद मागू शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

जमिनीच्या वाटणीत एखाद्याला ‘वेडा’ ठरवायचा प्रयत्न होतो, नवऱ्याला बायको नकोशी झाली की चिठ्ठी मागायला येतात. दोन स्वतंत्र तपासण्यांची अट यासाठीच आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

‘प्रतिनिधी’ कोण? मुलगा की नवरा?

पेशंट शहाणासुरता असताना ज्याचं नाव लिहून देईल तो. साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. असं काही लिहिलेलं नसेल तर नातेवाईक, मग सांभाळ करणारा. आजार उतरलेला असताना हे कागद करून ठेवा. ऐन वेळी दोन भाऊ अपघात विभागात भांडताना बघवत नाही.

विष घेतलं तर पोलीस केस होते म्हणून गावातल्याच डॉक्टरकडे ठेवलं. चुकलं का?

हो, कारण वेळ गेला. रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंदवतात, पोलीस जबाब घेतात, हे खरं. पण कलम ११५ म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हाही ठेवलेला नाही. द्राक्षं-डाळिंबाच्या पट्ट्यात फवारणीचं औषध प्रत्येक घरात आहे. ते कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, डबा सोबत घ्या आणि निघा. जीव वाचल्यावर मानसोपचाराची तपासणी झाल्याशिवाय घरी जाऊ नका. सलाईन सुटलं म्हणजे मनातलं सुटलं असं होत नाही.

देवाचं केल्यावर फरक पडतो आमच्यात.

देवाला जा. सिद्धरामेश्वराला नारळ फोडून सिव्हिलला येणाऱ्यांना कुणी अडवत नाही. फक्त औषध बंद करू नका, आणि भूत काढायच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

बाळंतपणाला आठ दिवस झाले, सून बाळाकडे बघत नाही, भलतंच बोलते. ‘बाळंतवात’ म्हणतात.

नाव काहीही द्या, आजच दाखवा. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू होणारा हा आजार हजारात एक-दोन बायकांना होतो. त्यात आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, पण तिच्यापासून कायमचं हिरावूही नका. उपचाराने ती बरी होते.

लेकराला भरती करावं लागलं तर?

१८ वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, आणि पालक किंवा प्रतिनिधीने सोबत राहायचं असतं.

आमच्या आईला मराठी नीट येत नाही. तेलुगूच बोलते.

सोलापुरात हे नेहमीचं आहे, आणि मनाची तपासणी मोडक्यातोडक्या भाषेत होत नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू जाणणारं कुणी आहे का, असं सुरुवातीलाच विचारा. विड्या वळणाऱ्या बाईच्या दुःखाचं भाषांतर तिच्या बारा वर्षांच्या नातवाकडून करून घेऊ नका. टेलिमानसवरही या भाषांत बोलता येतं.

टेलिमानस काय आहे?

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी फोनसेवा. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. जायचं की थांबायचं हे ठरत नसेल तर पहिला फोन इथे करा. पेशंट स्वतःही बोलू शकतो, तुम्हीही.

शॉक देतील का?

आणीबाणीचा उपचार म्हणून नाही, कायद्याने बंदी आहे. नंतर गरज वाटली तर भूल देऊन आणि संमतीनेच. भूल न देता शॉक देणं पूर्ण बंद आहे.

येरवड्याला पाठवतील का?

क्वचित. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण बहुतेक तातडीचे पेशंट सोलापुरातच आटोक्यात येतात.

विमा चालतो का?

कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने शरीराच्या आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं असतं. पॉलिसी वाचा, नकार आला तर लेखी मागा.

घरी सोडलं. आता?

पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात द्या, एका वेळी आठवड्याच्याच बाहेर ठेवा. ठरलेल्या तारखेला पेशंट ‘बरा आहे’ म्हणून ओपीडी चुकवू नका, बरा आहे तो गोळीमुळे. भेटायला येणाऱ्यांना ‘ताप होता’ एवढं सांगितलं तरी चालतं. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कलम २३ ने त्याला दिला आहे, मालकाला किंवा भावकीला रुग्णालय ती सांगणार नाही. आणि डिस्चार्ज कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा. मूळ कागद ऐन वेळी सापडत नाहीत.